तोच फॉरवर्ड दरवर्षी परत येतो, शोधूनही खरं-खोटं कळत नाही: नेमकं कुठे अडतं आणि काय केलं की सुटतं

अडचण अशी आहे. जून संपत येतो, पाऊस जोर धरतो, घरात दोघं-तिघं शिंकायला लागतात आणि आमच्या घरच्या ग्रुपवर तो मेसेज येतो. "उद्या पहाटे ५:२७ पासून पृथ्वी सूर्यापासून खूप लांब जाणार. २२ ऑगस्टपर्यंत थंडी वाढणार. अंगदुखी, घसा धरणं, सर्दी-ताप होणार. काळजी घ्या आणि आपल्या माणसांना पाठवा." दर वर्षी येतो आणि दर वर्षी 'उद्या'च असतो. माझे सासरे तो नीट वाचतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाच्या दप्तराशेजारी रेनकोटबरोबर स्वेटरही काढून ठेवतात.

पहिल्या वर्षी मी तपासायला बसले आणि अर्ध्या तासाने उठले तेव्हा आधीपेक्षा जास्त गोंधळलेली होते. गूगलवर मेसेजमधलं वाक्य टाकलं, तर तेच वाक्य पंधरा ठिकाणी छापलेलं दिसलं. एका ठिकाणी डॉक्टरचा सल्ला म्हणून, एका ठिकाणी खगोलशास्त्राची बातमी म्हणून, एका व्हिडिओत गंभीर आवाजात वाचून दाखवलेलं. पंधरा ठिकाणी आहे म्हणजे काहीतरी तथ्य असेल, असं मलाही वाटून गेलं. तुमचंही इथेच अडत असेल, तर हे वाचा. गेल्या चार-पाच वर्षांत अशा मेसेजांवर मी बराच वेळ घालवला आहे. त्यात जे खरंच उपयोगी पडलं, तेवढंच लिहिते.

बिघाड शोधण्याच्या शब्दांत असतो

आपण मेसेजमधलेच शब्द उचलून शोधतो. शोधयंत्राचं काम ते शब्द जिथे जिथे असतील तिथे नेऊन सोडणं एवढंच आहे. खोट्या मेसेजचे शब्द टाकले की खोट्या मेसेजच्या प्रती मिळतात. वर आता गूगल स्वतःच सगळ्यात वर एक तयार सारांश देतं. तोही पुष्कळदा याच प्रती वाचून बनलेला असू शकतो. त्या सारांशाखाली दुवे असतात, ते उघडल्याशिवाय त्यावर भिस्त ठेवायची नाही.

उपाय सोपा आहे, पण अंगवळणी पडायला वेळ लागतो. मेसेजचे शब्द बाजूला ठेवायचे आणि स्वतःला विचारायचं: ही गोष्ट खरी असती, तर ती आणखी कुठे, कुठल्या शब्दांत लिहिलेली असती? पृथ्वी-सूर्य अंतराची गोष्ट शाळेच्या भूगोलात असणार, पंचांगकर्त्यांकडे असणार, वेधशाळांकडे असणार. तिथे या घटनेला काय म्हणतात? मराठीत सर्वात लांब असण्याला 'अपसूर्य' आणि सर्वात जवळ असण्याला 'उपसूर्य'. मी हे दोन शब्द टाकले आणि पाच मिनिटांत चित्र स्पष्ट झालं.

पृथ्वीची कक्षा किंचित लंबगोल आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती सूर्यापासून सर्वात लांब असते, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सर्वात जवळ, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर. फरक ५० लाख किलोमीटरांचा, म्हणजे जेमतेम ३ टक्क्यांचा. दर वर्षी पृथ्वी अशी एकदा लांब आणि एकदा जवळ असते, आणि हे माणूस जन्माला यायच्या कितीतरी आधीपासून होत आलं आहे.

आता मेसेज परत वाचा. त्यात म्हटलेलं असतं की एरवी सूर्य ५ प्रकाश-मिनिटं, म्हणजे ९ कोटी किलोमीटर लांब असतो आणि या काळात १५ कोटी २० लाख किलोमीटर होतो, म्हणजे '६६ टक्के जास्त'. यातला १५ कोटी २० लाख हा आकडा बरोबर आहे. खोटेपणा दुसऱ्या आकड्यात आहे. सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे ८ मिनिटं २० सेकंद लागतात, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. ५ मिनिटं कधीच नसतात. ९ कोटी कुठून आले असतील? माझा अंदाज असा की इंग्रजी पुस्तकांत सूर्याचं अंतर ९ कोटी ३० लाख मैल असं दिलेलं असतं, त्यातले मैल कोणीतरी किलोमीटर समजून घेतले. शिवाय ९ कोटींवरून १५ कोटी २० लाख म्हणजे वाढ ६६ नव्हे, ६९ टक्के होते. मोबाईलमधल्या कॅल्क्युलेटरवर करून बघा. ज्याने लिहिलं त्याने स्वतःची वजाबाकीसुद्धा तपासलेली नाही.

आकडे असलेला मेसेज आला की आता मी पहिलं काम हेच करते. मेसेजचे आकडे एकमेकांशी जुळतात का ते बघते. त्याला इंटरनेट लागत नाही.

थंडीचं उत्तरही त्याच आकड्यांत आहे. सूर्याजवळ असल्याने ऊब येत असती, तर महाराष्ट्रात जानेवारीत उकडलं असतं. निफाडला शेतकरी द्राक्षबागा थंडीपासून वाचवायला बागेत शेकोट्या पेटवतात त्या नेमक्या पृथ्वी सूर्याच्या जवळ असतानाच्या दिवसांत. ऋतू ठरतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून. जुलैत गारवा वाटतो तो ढगांमुळे आणि भिजलेल्या कपड्यांमुळे.

भिंतीवरचं कॅलेंडर काढा

दुसरा हटकून येणारा मेसेज महिन्यांचा. "या महिन्यात ५ शुक्रवार, ५ शनिवार आणि ५ रविवार आहेत. असा योग ८२३ वर्षांतून एकदाच येतो. ११ जणांना पाठवा, ४ दिवसांत पैसा येईल." २०१४ च्या ऑगस्टमध्ये तो जोरात फिरला होता. मग २०१५ च्या मे महिन्यात परत आला, आणि अजून अधूनमधून येतो.

हा तपासायला गूगल लागतच नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. ३१ दिवसांचा कुठलाही महिना शुक्रवारी सुरू झाला की त्यात शुक्रवार, शनिवार, रविवार पाच-पाच येणारच, कारण २८ दिवसांत प्रत्येक वार चार वेळा येतो आणि उरलेले तीन दिवस त्याच तीन वारांना मिळतात. डिसेंबर २०२३ असा होता. मार्च २०२४ असा होता. ऑगस्ट २०२५ असा होता, मे २०२६ तसाच. बहुतेक वर्षांत असा एक तरी महिना सापडतो, एखाद्या वर्षी दोन सापडतात, आणि २०१८ सारख्या वर्षी एकही नसतो.

यातलं गणित मला इतकं आवडलं की मी ते मुलाला कागदावर करून दाखवलं. वर्ष सातपैकी कुठल्या तरी एका वारी सुरू होणार, आणि ते लीप असेल किंवा नसेल. म्हणजे सगळी मिळून कॅलेंडरं फक्त १४ प्रकारची. दर चारशे वर्षांत १,४६,०९७ दिवस असतात, त्याला सातने पूर्ण भाग जातो, म्हणून चारशे वर्षांनी तारीख-वारांचा सगळा क्रम पहिल्यापासून सुरू होतो. जी गोष्ट चारशे वर्षांत एकदा झाली ती पुढच्या चारशे वर्षांत पुन्हा होणारच. '८२३ वर्षांतून एकदा' हे तारीख-वारांच्या बाबतीत घडूच शकत नाही. आणि २०१४ मधून ८२३ वजा करा, ११९१ येतं. आपण आज वापरतो ते कॅलेंडर १५८२ मध्ये सुरू झालं.

फेब्रुवारीचा मेसेज तर आणखी सोपा. "या फेब्रुवारीत प्रत्येक वार चार वेळा." लीप नसलेल्या प्रत्येक फेब्रुवारीत तसंच असतं. अठ्ठावीस भागिले सात.

खोटं वाटलं ते खरं निघालं

तपासायला बसताना 'हे खोटंच असणार' असं ठरवून बसलं तर तितकंच चुकतं. माझं चुकलं आहे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात मैत्रिणीने पाठवलं, "उद्या दुपारी सावली गायब होणार, यापूर्वी कधीच न घडलेली घटना." मी मेसेजची भाषा बघूनच तो खोटा ठरवला आणि तिला तसं कळवूनही टाकलं. तिने दुसऱ्या दिवशी मला फोटो पाठवला. गच्चीत उभं ठेवलेलं गोडेतेलाचं डबडं, आणि त्याला कुठल्याच बाजूला सावली नाही.

'कधीच न घडलेली' हे खोटं होतं, कारण ते दर वर्षी दोनदा घडतं. पण सावली गायब होणं खरं होतं. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या प्रत्येक गावावर वर्षातून दोन दिवस सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. अख्खा महाराष्ट्र आणि गोवा या पट्ट्यात आहेत. कोल्हापुरात हा दिवस मेच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी येतो, पुण्यात १३-१४ मेच्या सुमाराला, मुंबईत त्यानंतर एक-दोन दिवसांनी, नागपूरला मे संपता संपता. दुसरा दिवस पुण्या-मुंबईकडे जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास असतो, पण तेव्हा ढग असतात म्हणून तो कोणाच्या लक्षात येत नाही. दिल्लीत मात्र असा दिवस कधीच येत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या वर आहे.

हे तपासायला सरळ उभी राहणारी कुठलीही वस्तू लागते. पुढच्या वर्षी मी पुण्यात गच्चीवर स्टीलचा पेला उपडा ठेवला. बारा वाजता त्याच्या पश्चिमेला बोटभर सावली होती. ती हळूहळू पेल्याच्या खाली सरकत गेली आणि साडेबाराच्या सुमाराला पेला जमिनीवर चिकटवलेल्या चित्रासारखा दिसायला लागला. घड्याळात बारा वाजता नाही, साडेबाराला, कारण आपली घड्याळं अलाहाबादजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेली आहेत आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. मैत्रिणीची मी माफी मागितली. तेव्हापासून मेसेजचे तुकडे करून बघते. घटना एक तुकडा, तारीख एक, 'पहिल्यांदाच' किंवा 'नासाने सांगितलं' हा एक. पुष्कळदा घटना खरी असते आणि तिच्याभोवतीचं वेष्टण खोटं असतं.

दहाचं नाणं

ही अडचण नुसत्या माहितीची नाही, रोजच्या सुट्या पैशांची आहे. पुण्यापासून लांब गेलात की कधी भाजीवाल्या मावशी, कधी रिक्षावाले काका दहाचं नाणं परत करतात. "चालत नाही ताई, नोट द्या." विचारलं तर सांगतात की ज्यावर दहा रेघा आहेत ते खरं, पंधरा रेघांचं खोटं. कोणी सांगतं, रुपयाचं चिन्ह नसलेलं खोटं.

एक दुपार मी घरातल्या डब्यातली सगळी दहाची नाणी ताटात ओतली आणि भिंगाखाली घेतली. बाहेर पिवळसर कडं, आत पांढरट गोल, हे सगळ्यांना सारखं. मागच्या बाजूला वरच्या अंगाला सूर्यकिरणांसारख्या रेघा. काहींवर त्या पंधरा होत्या आणि आकड्याजवळ रुपयाचं चिन्ह नव्हतं. काहींवर दहा होत्या आणि चिन्ह होतं. म्हणजे लोकांनी फरक बरोबर हेरला होता. त्याचा अर्थ तेवढा चुकीचा लावला होता. रुपयाचं चिन्ह २०१० मध्ये ठरलं आणि २०११ पासून नाण्यांवर आलं. त्याआधीच्या नाण्यांवर ते असणार कुठून?

इथे शोधायची जागा एकच, रिझर्व्ह बँक. तिच्या संकेतस्थळावर पत्रकांचा विभाग आहे. १७ जानेवारी २०१८ च्या पत्रकात तिने स्पष्ट म्हटलं की तोपर्यंत दहाची नाणी १४ वेगवेगळ्या नक्ष्यांची निघाली आहेत आणि ती सगळी चलनात आहेत. बातमी वाचू नका, पत्रक उघडा. पत्रक लहान असतं, त्यावर तारीख असते आणि ते मोबाईलमध्ये साठवून ठेवता येतं. नोटेच्या क्रमांकात तारा दिसला म्हणून ती खोटी, हा मेसेजही याच जागी निकालात निघतो. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी जी नोट घालतात तिच्या क्रमांकात तारा असतो, आणि ती चालते हे रिझर्व्ह बँकेने जुलै २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं आहे.

पण पत्रक दाखवून मावशींचं समाधान होत नाही, हे मी अनुभवाने सांगते. माझ्या माहेरच्या बाजारात एका मावशींना मी मोबाईलवर पत्रक वाचून दाखवलं. त्या शांतपणे ऐकून घेऊन म्हणाल्या, "बाई, तुमचं खरं असंल. पण पहाटे मार्केटात माल उचलताना आडत्या माझ्याकडनं घेत नाही. मग मी ती ठिवू कुठं?" त्यांच्या पाटीखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत तीनशेच्या वर दहाची नाणी बांधून ठेवली होती. त्यांना खरं-खोटं सांगण्यात अर्थच नव्हता. नाणी पुढे सरकत नव्हती, ही त्यांची अडचण होती.

मी नोटा देऊन ती सगळी नाणी घेतली आणि दुसऱ्या दिवशी बँकेत गेले. एका शाखेत काउंटरवर सांगितलं की नाणी मोजायला माणूस नाही. अशा वेळी आवाज चढवायचा नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये बँकांना नाणी स्वीकारायला सांगितलं आहे आणि शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या करून घेणं सोयीचं पडेल असंही सुचवलं आहे. मी शाखा व्यवस्थापकांना भेटून एवढंच सांगितलं आणि मोजून बांधलेल्या पिशव्या पुढे ठेवल्या. त्यांनी घेतल्या. आणखी एक बाब माहीत असावी: २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे रुपया आणि त्यावरच्या किमतीच्या नाण्यांनी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंतचं देणं कायदेशीरपणे चुकतं करता येतं. म्हणजे कोणी पाच हजारांचा किराणा नाण्यांत देऊ लागला आणि दुकानदार नको म्हणाला, तर दुकानदार चुकत नाही.

फोटो, उद्गार आणि एकमेकांचा हवाला

फोटो गूगल लेन्समध्ये उघडला की तोच फोटो आणखी कुठे आहे ते शोधता येतं. तो फोटो सर्वात आधी कधी दिसला, हे शोधायचं. टिनआय नावाच्या संकेतस्थळावर निकाल जुन्यापासून लावून बघता येतात. दिवाळीच्या रात्री नासाने टिपलेला रंगीबेरंगी भारत तुम्हीही पाहिला असेल. तो एका रात्रीचा फोटोच नाही. अमेरिकन उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकावर एक ठेवून तो नकाशा केला आहे, आणि निळा, हिरवा, लाल हे रंग १९९२, १९९८ आणि २००३ पर्यंत दिवे कुठे कुठे वाढत गेले ते दाखवतात. नासाने २०१२ च्या दिवाळीतला, १२ नोव्हेंबरच्या रात्रीचा खरा फोटो नंतर दिला. त्यात भारत रोजच्यासारखाच दिसतो. पणत्यांचा उजेड तेवढ्या उंचीवरून कळून येत नाही.

थोरांच्या नावावरच्या उद्गारांना तारीख असली तर ती व्यक्ती त्या दिवशी कुठे होती ते बघा. "मी भारतभर फिरलो, मला एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही" हे भाषण ब्रिटिश अधिकारी मेकॉलेने २ फेब्रुवारी १८३५ ला ब्रिटिश संसदेत केलं, असं सांगतात. त्या दिवशी तो कोलकात्यात होता. १८३४ मध्ये तो भारतात आला आणि १८३८ पर्यंत इथेच होता. त्याच तारखेचं त्याचं शिक्षणावरचं टिपण खरं आहे, वाचायला मिळतं, आणि त्यात आपल्या भाषांबद्दल त्याने जे लिहिलं आहे ते पुरेसं संतापजनक आहे. त्याच्या तोंडी खोटं वाक्य घातलं की खरं टिपण कोणी वाचत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आणि दोन ठिकाणी सापडलं म्हणजे दोन पुरावे, असं धरू नका. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने विकिपीडियावर कोआटी या प्राण्याला 'ब्राझिलियन आर्डवार्क' असंही म्हणतात, अशी मनाने एक ओळ घातली. ती वाचून वर्तमानपत्रांनी तसं छापलं, आणि मग विकिपीडियावर त्या ओळीला वर्तमानपत्राचा हवाला लागला. २०१४ पर्यंत ते चाललं. म्हणून दुसरा पुरावा पहिल्यावरूनच उचलला आहे का, ते बघावं लागतं. दोन्हीकडे शब्दाला शब्द सारखा असेल, चूकही तीच असेल, तर तो एकच पुरावा समजायचा.

'उद्या' किंवा 'आजपासून' असं म्हणणाऱ्या मेसेजला एक छोटी युक्ती लागू पडते. कॉम्प्युटरवर गूगलच्या निकालांवर 'टूल्स' असं बटण असतं. त्यात तारखांची मर्यादा घालता येते. दोन वर्षांपूर्वीपर्यंतचेच निकाल मागा. तोच 'उद्या' तिथे सापडला की काम झालं.

ग्रुपवर कसं सांगायचं

मेसेज परत येण्याचं सर्वात मोठं कारण इथे आहे, असं माझं मत आहे. आपण तपासतो, आणि सगळ्यांसमोर 'हे फेक आहे' एवढं लिहून एक दुवा टाकतो. ज्या काकांनी पाठवलं त्यांना चारचौघांत खाली बघावं लागतं. ते पुढच्या वेळी पाठवणं थांबवत नाहीत, आपल्याला न विचारता पाठवतात.

मी आता ग्रुपवर काहीच लिहीत नाही. ज्यांनी पाठवलं त्यांना वेगळा मेसेज करते, शक्यतो फोन करते. "काका, तुमचा मेसेज वाचला. मलाही काळजी वाटली म्हणून बघितलं. अंतर वाढतं ते खरं आहे, पण जेमतेम तीन टक्के, आणि ते दर जुलैत होतं. तुम्हाला पटलं तर ग्रुपवर तुम्हीच सांगाल का? तुमचं सगळे ऐकतात." दहापैकी सात-आठ वेळा ते स्वतः लिहितात. आत्याबाईंनी तर एकदा स्वतःचाच मेसेज काढून टाकून खाली दुरुस्ती लिहिली, आणि त्या दुरुस्तीला भाच्यांनी भरभरून नमस्कार पाठवले.

दुसरं, तपासलेलं जपून ठेवा. व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच मेसेज करता येतो. माझ्या त्या चॅटमध्ये प्रत्येक मेसेजची एक नोंद आहे: मेसेज काय होता, त्यात खरं काय, खोटं काय, कशावरून, आणि मी कधी तपासलं. जूनमध्ये पृथ्वी लांब जाऊ लागली की मला पुन्हा शोधत बसावं लागत नाही. वरच्या शोधचौकटीत 'अपसूर्य' टाकते आणि जुनं उत्तर तयार असतं. मेसेजवर दोन बाण दिसले, म्हणजे तो आपल्यापर्यंत यायच्या आधी पाच किंवा जास्त हातांतून गेला आहे, तर मी उत्तर शोधण्याआधी ही नोंदच उघडते. निम्म्याहून जास्त वेळा तो तिथे आधीच असतो.

यंदा जुलैत तो आला, नेहमीप्रमाणे 'उद्या पहाटे ५:२७'. मी कामावरून आले तेव्हा सासरे डायनिंग टेबलावर चष्मा लावून बसले होते. समोर पाठकोरा कागद, त्यावर त्यांच्या तिरक्या अक्षरात दोन आकडे एकाखाली एक मांडलेले, १५ कोटी २१ लाख आणि १४ कोटी ७१ लाख, खाली वजाबाकी. त्यांच्या सकाळच्या फिरण्याच्या ग्रुपवर साळुंखे नावाच्या त्यांच्या मित्राने तो मेसेज टाकला होता.

"टक्केवारी काढताना भागायचं कशाने," त्यांनी विचारलं, "मोठ्या आकड्याने की लहान?"

मी म्हटलं, लहान आकड्याने भागा, वाढ लहानावर मोजतात. त्यांनी भागाकार केला, ३.४ लिहिलं, त्याभोवती गोल काढला आणि साळुंख्यांना फोन लावला.